किनाऱ्यावरची कोठी

"आज बोट जाणार नाही," बोटवाल्याने सांगितलं आणि भिजलेली टोपी पिळत तो कोठीच्या दारातच उभा राहिला. समोर तीन मैलांवर, खडकावरचं दीपगृह लाटांच्या तुषारांत हरवत होतं, पुन्हा दिसत होतं. तेरा दिवस हेच चाललं होतं. सकाळी तिथल्या दोघा रखवालदारांनी निशाणं चढवून कळवलं होतं की, पाणी दोनच दिवस पुरेल.

कोठीबाईने दुर्बीण खाली ठेवली. खडकावर तेल, शिधा, पाणी पाठवायचं ते या ठाण्यातूनच, आणि ते तिचं काम. नवरा गेल्यावर तिला ही नोकरी मिळाली होती. तोही तिथलाच रखवालदार. निसरड्या पायरीवरून पडून गेला तेव्हा समुद्र असाच पिसाळलेला होता. त्याला किनाऱ्याला आणायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस ती धक्क्यावर बसून होती. 'समुद्र शांत होऊ दे, मग बघू' असं कुणी म्हटलं की तेव्हापासून तिच्या कपाळाला आठी पडे.

बोटवाल्याचंही खोटं नव्हतं. पाण्याची पिंपं चढवायची तर बोट खडकाला भिडवावी लागे, आणि आज भिडवली तर तिच्या फळ्याच हाती आल्या असत्या.

"भिडवायचीच नाही," ती म्हणाली. "लांब थांबवायची."

तिने बारा छोटे डबे काढले, पिण्याच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरले, वर थोडी हवा राखून झाकणं घट्ट आवळली. एक धक्क्यावरून पाण्यात टाकून दाखवला. बुडाला, वर आला आणि डुलत राहिला. मग सगळे तिने एका लांब दोरात ओवले. बोटवाल्याने एकेक गाठ ओढून पाहिली.

"ओहोटीला पाण्याची ओढ खडकाकडेच असते," तो शेवटी म्हणाला. हाच त्याचा होकार.

तिने बोटीत येऊ नये म्हणून त्याने परोपरीने सांगून पाहिलं. गाठी माझ्या आहेत, एखादी अडली तर सोडवणार कोण, असं विचारून ती बोटीत जाऊन बसलीसुद्धा.

वाटेत तिला दोनदा उलटी झाली, पण दोर हातातून सुटला नाही. खडकाच्या खालच्या पायरीवर थोरला रखवालदार कमरेला दोरी बांधून, लांब आकडा घेऊन उभा होता. डब्यांची माळ दोनदा हुकली. तिसऱ्यांदा त्याने ती धरली. तीन डबे फुटले, नऊ वर गेले. समुद्र निवला तो पाचव्या दिवशी.

पुढे एकोणीस वर्षं वादळात पाणी असंच गेलं. मग आपोआप लागणारा दिवा आला. रखवालदारांना उतरवून ठाणं बंद करायचं ठरलं. कागद घेऊन आलेल्या साहेबांनी सहज विचारलं, तेव्हा कळलं की बाईंनी खडकावर कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. त्यांनी तिला शेवटच्या बोटीने तिकडे जाऊन यायला सांगितलं.

थोरल्या रखवालदाराचे केस आता पांढरे झाले होते. त्याने हात पुढे केला. खालच्या पायरीवर ती क्षणभर थांबली, मग चढून गेली.

वरच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. तिच्यातून किनारा म्हणजे एक करडी रेघ, आणि रेघेवर चुन्याचा ठिपका.

"आपलं ठाणं एवढंसं दिसतं होय?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पण रोज बघायचो आम्ही."

काचेवरचं मीठ तिने पदराने पुसलं आणि उभ्याउभ्याच बघत राहिली.