बारा मेंढ्यांची डोकी

माझ्या थोरल्याला बोलायच्या आधी हात उचलायची खोड आहे. लहानपणी ताटं आपटायचा, आता माणसं आपटतो. शिकलेली बायको करून दिली, म्हटलं काही वळण लागेल. लागलं वळण, पण तिला. ती गप्प बसायला शिकली.

आमचा धंदा मटणाचा. पुढे दुकान, मागे कापायची खोली, तिच्यापलीकडे अंगण आणि अंगणाच्या टोकाला मेंढ्यांचा गोठा. वरच्या मजल्यावर आम्ही. नवरा गेला तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि धाकटी पोटात. तो विशीत येऊन कामाला लागेपर्यंत अकरा वर्षं सुरी मीच चालवली. शाळा माझी चौथीत सुटली, पण मांसावर बोट टेकवलं की जनावर कसं जगलं आणि कसं मेलं ते मला कळतं.

सासऱ्यांनी या घरात एक नियम घातला होता. बाजारातून आणलेलं जनावर पूर्ण एक दिवस निवांत ठेवायचं, आणि ज्याच्या हातात सुरी त्यानेच त्याला आपल्या हाताने पाणी पाजायचं. नोकराला सांगायचं नाही. मी अकरा वर्षं बादल्या वाहिल्या. पोटात धाकटी होती तेव्हासुद्धा.

त्या आठवड्यात माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता, म्हणून दोन दिवस वरच पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून किंकाळी आली. एकेक पायरी बसत, घसरत मी खाली उतरले. शोभा झाली असेल माझी, पण बघायला कुणाला सवड नव्हती.

कापायच्या खोलीत डावऱ्या जमिनीवर पडला होता. तीस वर्षं आमच्याकडे कातडी सोलतो. सगळं काम डाव्या हाताने, म्हणून डावऱ्या. थोरल्याने त्याचा तोच हात लाकडी ठोकळ्यावर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातात मांस टांगायच्या आकडीचा दांडा होता. मी दारात पोचले आणि दांडा खाली आला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. डावऱ्या यावेळी ओरडलासुद्धा नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं.

"सोड त्याला!"

"आई, तू मध्ये पडू नकोस. या हलकटाने तहानलेली, आजारी मेंढरं माझ्यासमोर उभी केली. खानावळीने सगळा माल परत पाठवलाय. बघ एकदा डोळ्यांनी."

टेबलावर बारा मेंढ्यांचा माल पडला होता. काळपट. चिकट. ताज्या मांसाला जी लाली असते ती कुठेच नव्हती.

"आजच्या आज याला हाकलतो," थोरला म्हणाला. "गावभर सांगतो, कुणी दारात उभं करणार नाही."

डावऱ्याने मोडलेला हात छातीशी धरला. "वहिनी, पाणी मी पाजलं नाही हे खरं आहे. ते माझं काम नव्हे. पण मला दोन दिवस गोठ्यात पाऊलच टाकू दिलं नाही."

"खोटं बोलतो!" थोरल्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

मी मांडीच्या तुकड्यावर बोट दाबलं. कोरडं, आणि तरी बोटाला चिकटणारं. असं मांस आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. एक मेंढा बाजारातून सुटला होता, चार जणांनी त्याला दुपारभर पळवून पकडला आणि तसाच कापला. तेव्हापासून मी त्याला दमलेलं मांस म्हणते.

तेवढ्यात सून खाली आली. खांद्याला पिशवी, शाळेत निघालेली. ती आठवीला विज्ञान शिकवते. मी तिला सहा वर्षं पंडितीण म्हणून चिडवत आले. तिने डावऱ्याचा हात पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून निळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. एक पट्टी ओली करून तिने मांसावर दाबली.

"आई, हा आंबटपणा दाखवणारा कागद. चांगल्या मांसावर लाल होतो. बघा, हा जेमतेम जांभळा झालाय."

"मला कागद नको दाखवू गं. सरळ सांग."

"मांसात बारीक बारीक पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. खाल्लेल्या चाऱ्यातून साखर तयार होते, ती तिथे साठते. पेशी ती साखर फोडतात. श्वासातली हवा मिळाली तर पार शेवटपर्यंत फोडतात, आणि त्यातून जी ताकद सुटते तिच्यावर जनावर उभं राहतं, पळतं."

"आणि कापल्यावर?"

"हवा बंद होते. पण पेशींचं काम लगेच थांबत नाही. त्या साखर फोडतच राहतात, आता अर्धवट. त्याचा आंबटपणा मांसात उतरतो. त्यानेच मांसाला रंग येतो, ते टिकतं. इथे आंबटपणा आलाच नाही. म्हणजे सुरी लागायच्या आधीच साखर संपली होती."

"उपाशी ठेवली ना याने!" थोरला म्हणाला.

"एक दिवस चारापाणी नाही मिळालं तर एवढी नाही संपत. यांच्याकडून कुणीतरी जिवाच्या आकांताने ताकद खर्च करून घेतलीय."

थोरल्याने तिच्या तोंडात मारली. ती शीतपेटीच्या दारावर आपटली, ओठ फुटला. रक्त पुसून ती पुन्हा उभी राहिली आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. मी तिला इतकी वर्षं हसले, आणि माझ्या बोटाला जे कळत होतं ते तोंडाने सांगणारी घरात हीच एक निघाली.

मी भिंतीकडे पाहिलं. आमच्याकडे डोकी वेगळी विकली जातात, कापली की ओळीने आकड्यांना टांगतात. बाराही आकडे रिकामे होते.

"डोकी कुठे आहेत?"

"फेकली. आजारी जनावरांची डोकी कोण घेतो?"

"कधी फेकलीस?"

"काल. कापली तेव्हाच."

"काल तुला आजार ठाऊक होता, तर माल खानावळीत कसा पाठवलास?"

मी अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले. तो धावत पुढे आला, आडवा उभा राहिला आणि त्याने माझा दंड धरला. माझा! दुखेल इतका दाबला. सुरीला धार लावायची लोखंडी कांब मी येताना टेबलावरून उचलली होती. ती त्याच्या मनगटावर घातली, सगळं वजन टाकून. तो गुडघ्यावर आला.

"पाड गं ते पिंप," मी सुनेला म्हटलं.

तिने लाथ मारून पाडलं. डोकी घरंगळली, माशांचा ढग उठला. एकाचं शिंग मुळापासून उखडलेलं. एकाचा डोळा फुटून गालावर आलेला. मी एक डोकं मांडीवर घेतलं, सुनेने आतून आणून दिलेली सुरी कपाळावर ओढली आणि कातडी मागे सारली. आतून नुसता काळा, गोठलेला रक्ताचा थर. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. बाराही तशीच.

परवा दुपारभर गोठ्याकडून धाडधाड आवाज येत होता. मी वर गुडघा शेकत पडले होते. वाटलं, बर्फाच्या लाद्या उतरवतायत. ते कपाळाला कपाळ होतं, आणि मी कूस बदलून झोपले.

"त्याचे चार मित्र आले होते, वहिनी," डावऱ्या दारातून म्हणाला. "जोड्या लावून टकरी खेळवल्या. जो मागे सरे त्याला काठीने ढोसून परत पुढे. मी अडवायला गेलो, तर गोठ्याला कुलूप घातलं."

"मग मला वर येऊन सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुमचा मुलगा आहे."

थोरला मनगट धरून बसला होता. मान खाली घालेल असं वाटलं होतं मला. पण नाही.

"गंमत होती आई. नाहीतरी कापायचीच होती ना ती? आणि एका नोकरासाठी तू पोटच्या पोराला मारतेस?"

मी उठले. त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, म्यानासकट सुरी काढली आणि माझ्या कमरेला बांधली. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला. सून डावऱ्याच्या हाताला फळी बांधत होती. दोघं थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"ऐक," मी थोरल्याला म्हटलं. "एकदाच सांगते. आधी याला दवाखान्यात पाठीवर घालून नेशील, आणि कुणी विचारलं तर 'हात मी मोडला' म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगशील. तो बरा होईपर्यंत त्याचा डावा हात तू. तो सांगेल तिथे धरायचं, तो सांगेल तशी कातडी काढायची, आणि उलट एक शब्द बोललास तर ही कांब आहे. बायकोच्या अंगाला पुन्हा बोट लावलंस तर वरचा जिना तुला बंद, मग गोठ्यात निजायचं. ती तुला परत घेते की नाही ते ती ठरवेल, मी तुझी वकिली करणार नाही. जनावर उद्यापासून मी कापीन. पाणीही मीच पाजीन. बादली तू भरून द्यायचीस, गोठ्याच्या दारापर्यंत, आत नाही. आणि सुरीचं म्हणशील तर ती तुला या जन्मी मिळणार नाही. ऊठ आता. त्याला उचल. नीट उचल, दुखतंय त्याला."