नऊ सेकंदांची पाचर

दाजींच्या मशीनमध्ये पाचर मी घातली. हे आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं.

आमच्या कारखान्यात डब्यांची पत्र्याची झाकणं दाबतात. प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदमच दाबायची; म्हणजे जबडा खाली येताना हात बाहेर राहतात. बनवणारा शहाणा होता. मग डोक्यावर स्क्रीन आली. एका झाकणाला नऊ सेकंद. तोवर आकडा हिरवा, उशीर झाला की लाल, आणि लाल झाला की मुकादमाच्या फोनवर बोंब. आम्ही तिला सासूबाई म्हणायचो. घरची सासू निदान झोपते तरी.

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, शेजारच्या प्रेसवर. माणूस सोन्यासारखा, पण संथ. "मेहुणे, ही बाई मला जगू देत नाही," म्हणायचे. रोज दहा-बारा झाकणं लाल. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर नोकरी गेलीच होती. मग मी अतिशहाणपणा केला. लाकडाची पाचर तासली आणि उजवं बटण दाबून त्यात ठोकली.

"आता फक्त डावं दाबा, दाजी. उजवा हात झाकण ठेवायला मोकळा."

चार दिवस सगळं हिरवं. पाचव्या दिवशी सकाळी एक झाकण तिरकं बसलं. आकडा आठवर गेला होता. दाजी उजव्या हाताने झाकण सरळ करायला गेले आणि घाईत डाव्याने बटण दाबलं.

आधी पत्र्याचाच आवाज आला, किंकाळी नंतर. जबडा वर गेला तेव्हा तीन बोटं झाकणाला चिकटून सपाट झाली होती. रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी त्यांना मागे ओढलं, सदरा फाडून मनगट आवळलं. मुकादम धावत आला आणि म्हणाला, "मशीन कधीपासून बंद आहे?"

माझं डोकंच फिरलं. पाना उचलला आणि सासूबाईंवर हाणला. काच फुटली, आकडा पळतच होता. मुकादम मध्ये आला, त्याच्याही तोंडावर हाणला. दात पडले त्याचे. मग पुन्हा स्क्रीन, आकडा विझेपर्यंत. चौघांनी मला खाली पाडलं आणि बरगड्या मोडेस्तोवर लाथा घातल्या, बोटं तुडवली.

दाजींबरोबर मलाही दवाखान्यात टाकलं. ताई आली. तिला खरं सांगितलं. तिने काडकन थोबाडीत मारली, मग दुसरी. तेवढ्यात तिच्या हातातला दाजींचा फोन वाजला. कारखान्याचा निरोप होता: 'आपण जागेवर नाही. साठ सेकंदांत कारण लिहा, अन्यथा चूक आपली धरली जाईल.' खाली आकडा पळत होता.

"लिही," ताई म्हणाली. "तूच लिही."

सुजलेल्या बोटांनी मी भराभर लिहिलं, 'पाचर मी घातली. त्यांचा दोष नाही.' पाठवलं.

तेवीस सेकंद उरले होते. आकडा हिरवा होता. दाराआड दाजींची बोटं कापत होते, आणि देवाशपथ सांगतो, तो हिरवा आकडा बघून मला बरं वाटलं.