चावी काढल्यावरही

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि आपली खरी किंमत काय, हे जावयांना कळतं. तळेगावच्या सदाशिवरावांचे जावई दोन. थोरला धनंजय, रोहण्याला वांगी-कोथिंबीर पिकवणारा. धाकटा कैलास, आर्वीत बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा. धोंड्याच्या जेवणात पहिला पाट थोरल्याचा, पहिलं ओवाळणंही थोरल्याचं. कैलासपेक्षा धनंजयला जास्त मिळालेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मिळवायला त्याला काही करावंही लागलं नव्हतं.

या खेपेला तो बायकोला, सुलोचनाला, मोटरसायकलवर मागे बसवून ऊन तापायच्या आत पोचला आणि अंगणातल्या मांडवाखाली खुर्ची धरून बसला. अकराच्या सुमारास कैलास आला. गाडीतून.

गाडी जुनीच होती, पण पांढरी, सात माणसं बसतील अशी, डिझेलवर चालणारी. पांढऱ्या गाडीचा गुण असा, की तिच्यातून कोणीही उतरलं तरी पुढारी वाटतं. सदाशिवराव उठून थेट फाटकापर्यंत गेले. धनंजय आला तेव्हा ते बसल्या जागेवरूनच "या" म्हणाले होते.

"एसी आहे काय हो हिच्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे न मामाजी. बसून तर पाहा, स्वेटर लागते."

धनंजय गाडीभोवती एक चक्कर मारून आला. साडभावाची गाडी माणूस ज्या बारकाईने पाहतो, तशी मेकॅनिकही पाहत नाही. मागच्या दिव्याला एक बारीक तडा होता. तेवढ्यावर त्याला पाच मिनिटं बरं वाटलं.

"सर्व्हिसिंग केली का, कैलासराव?"

"सर्व्हिसिंग कायले? ऑइल टाकलं घरीच. सासरवाडीले जेवाले चाललो, म्हटलं तिचंही पोट भरू. अख्खी कॅन ओतली."

"खुणेपर्यंत आलं का, पाह्यलं?"

"दादा, जवायाले तूप वाढताना कोणी खूण पाह्यते काय?"

सगळे हसले. धनंजय हसला नाही, कारण विनोद चांगला होता. खुणेच्या वर ऑइल गेलं की इंजिन काय करू शकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं; विहिरीवरचं डिझेल इंजिन त्याने अकरा वर्षं चालवलं होतं. पण विचारल्याशिवाय कोणाला सल्ला देऊ नये, हे तत्त्व त्याला नेमकं तेव्हाच आठवलं.

सदाशिवरावांना इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. कैलासने गाडी चालू करून रेस दिली. "अजून," सासरे म्हणाले. कैलासने अजून दाबली. मागून निळसर पांढरा धूर निघाला. कैलासने पाय काढला, पण आवाज चढतच गेला. त्याने चावी फिरवून बाहेर काढली. इंजिन आणखी जोरात ओरडायला लागलं. तेव्हा तो उडी मारून खाली आला.

"बंद होऊन नाई राह्यली! चावी काढली न मी!" त्याने चावी उंच धरली, जशी काही ती गाडीलाच दाखवायची राहिली होती.

शेजारचा ताराचंद म्हणाला, बॅटरीची वायर काढा. दुसरा म्हणाला, पाणी ओता. दोघंही हे फाटकाच्या बाहेरून म्हणाले. मांडवात धूर भरला.

धनंजय खुर्चीतच होता. काय चाललंय ते त्याला दिसत होतं. चावी काढल्यावर डिझेल बंद झालं होतं, आता गाडी आपलंच ऑइल पिऊन धावत होती, उभ्या जागी. हवा कोंडली तर थांबेल. नाही कोंडली तर दोन मिनिटांत, फार तर तीन, इंजिन कायमचं बसेल. पुढच्या अधिक महिन्यात मांडीवर पिशवी घेऊन एसटीतून उतरणारा कैलास त्याला स्पष्ट दिसला. रुमालाने घाम पुसत होता.

"अहो," सुलोचनाने त्याला हलवलं, "तुमाले येते न बंद करता? आपल्या विहिरीवरचं केलतं तुमी एकदा."

"ते वेगळं होतं."

"इंजिनच होय न तेही?"

"धूर पाह्य न किती आहे."

तेवढ्यात सदाशिवरावांनी कैलासच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, कैलासराव. जीव मोठा. इंजिन बसलं तर बसलं. मी घेऊन देतो तुमाले नवी कोरी. शोरूमची."

धनंजय उठला. असा उठला की खुर्ची मागे पडली.

तो स्वयंपाकघरात शिरला, सासूबाईंच्या, कुसुमबाईंच्या, हाताखालचा पोळपाट अर्ध्या लाटलेल्या पोळीसकट उचलला आणि धुरात घुसला. आत हात घालून बॉनेटचा खटका ओढला, इंजिनात हवा नेणारा रबरी पाइप फिल्टरपासून उपटला, पोळी झटकली आणि पाइपाच्या तोंडावर पोळपाट दाबून धरला. तो असा चिकटला की आता ओढूनही निघाला नसता. इंजिन दोनदा गचकलं, सगळी गाडी थरथरली, आणि थांबली.

"वा, धनंजयराव!" सदाशिवराव म्हणाले. एकदाच म्हणाले. मग ते कैलासला पाणी द्यायला गेले.

"कोणाची तरी नजर लागली गाडीले," कुसुमबाई म्हणाल्या.

धनंजय पोळपाट तिथेच ठेवून हात धुवायला मागच्या मोरीवर गेला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. थोड्या वेळाने सुलोचना आली आणि तांब्याने पाणी ओतायला लागली.

"खरं सांगा, आधी काऊन नाई उठले?"

"सुचलं नाई."

"अन् बाबा शोरूम म्हणाले तवा कसं सुचलं?"

त्याने साबण मागितला. तिने दिला. आतून निरांजनाच्या तुपाचा वास आला, मग बायकांचा हसण्याचा आवाज.

"सुरू केलं काय?" त्याने हात चोळत विचारलं. "पहिल्या पाटावर कोण आहे?"

"कैलासराव. घाबरले न ते. आई म्हणे, त्याइले आधी बसवा."

"म्हणजे मी दुसरा."

"तिसरे," सुलोचना म्हणाली आणि तांब्या रिकामा केला. "आईनं सगळ्यात आधी गाडीले ओवाळलं."