मर्टनला द्यायचं उत्तर

मर्टनला उत्तर द्यायचं राहिलंय, हे त्या वर्षी मला रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर आठवायचं. मग बाकीची कामं आठवायची आणि ते मागं पडायचं. नवऱ्याच्या, रोझेरच्या औषधाच्या गोळ्या काढून ठेवायच्या, दूध फ्रीजमध्येच आहे ना ते बघायचं, कारण हल्ली ते बुटांच्या कपाटात सापडायचं. त्याला विसरायला होतंय हे डॉक्टरनं सांगायच्या आधी मला त्या दुधानंच सांगितलं होतं.

उत्तर द्यायचं होतं ते रायफलीबद्दल. रोझेरच्या वडिलांची, ओव्हिलाची ती रायफल. तिला तीनशे सॅवेज नावाचं काडतूस लागतं. आमच्या व्हरमाँटच्या या कोपऱ्यात ते पूर्वी किराणा दुकानात पिठाच्या पोत्यांशेजारी मिळायचं. आता कुणी मागत नाही म्हणून कारखाने फारसं काढत नाहीत, आणि मिळत नाही म्हणून कुणी मागत नाही. मी शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यापर्यंत दुकानं पालथी घातली. काउंटरवरची पोरं "तीनशे काय?" म्हणून माझ्या तोंडाकडं बघायची. एकजण म्हणाला, "आजी, आजोबांना नवी रायफल घेऊन द्या की." मी म्हटलं, "आजोबाच नवे मिळतात का बघ आधी." त्याला हसावं की नाही ते कळेना.

बरीच वर्षं रोझेरचा जुना दोस्त मर्टनच आमच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांमध्ये बंदुकीची दारू आणि गोळी भरून द्यायचा. म्हणून रोझेरच्या घरात झाडलेली पुंगळी जंगलात सोडायची नाही, असा दंडक. पण पितळही म्हातारं होतं. एकेक पुंगळी गळ्याशी तडकत गेली आणि शेवटी चार धड उरल्या. त्या भरून देताना मर्टननं विषय काढला. कोठाराच्या मागच्या खोलीत त्याचा लेथ आहे. तिथं आम्ही तिघं उभे होतो.

"काडतूस बसतं ती नळीच्या बुडातली जागा थोडी कोरायची," मर्टन म्हणाला. "मग तीनशे आठ नंबरचं काडतूस बसेल. ते पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतं. दुपारभराचं काम आहे."

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"अडलं नाही. पण लोखंड खरवडता येतं, परत भरता येत नाही. मग ती ओव्हिलाची रायफल राहणार नाही. शिवाय जुनं काडतूस कुणी विसरून आत घातलं तर..." त्यानं रोझेरकडं बघितलं.

रोझेर खिडकीतून मर्टनच्या कोंबड्या बघत होता. "माझ्याकडं काय बघतोस, म्हाताऱ्या? माझं डोकं ठिकाणावर नसेल, कान आहेत," तो म्हणाला. "कोरून टाक. बाबा काय वरून माप घ्यायला येणार आहेत? मला नोव्हेंबरात जंगलात जायचंय. या नोव्हेंबरात आणि पुढच्याही."

"तू सांग फर्न," मर्टन मला म्हणाला. "आणलीस की करतो."

रायफल रोझेरची, पण मर्टनकडं जाणारी गाडी आता मीच चालवायची. म्हणजे ठरवायचं मीच. नळी कोरली तर काडतुसं कधीच संपणार नाहीत. दर हिवाळ्यात तो जाणार, दर हिवाळ्यात मी जीव मुठीत धरून बसणार, आणि एक दिवस 'आता पुरे' हे मलाच म्हणावं लागणार. नाही कोरली तर चार काडतुसं उडतील आणि जंगल आपोआप बंद होईल. ते मी बंद केलं असं कुणी म्हणणार नाही. मला हा दुसरा रस्ता सोपा वाटायचा.

पण संध्याकाळी तो खुर्चीत बसून रिकामी रायफल पुसायला घ्यायचा. चापाखालची कडी खाली, कडी वर. ती कडी ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत सरकतं. डाव्या अंगाला एक बारकं भोक आहे, आत किती उरलीत तो पितळी आकडा त्यातून दिसतो. रोझेर आकड्याकडं बघायचासुद्धा नाही, हातांना ठाऊक असायचं. त्याला नातवंडांची नावं आठवत नव्हती, पण त्या हातांना सगळं आठवत होतं. ते बघितलं की मला वाटायचं, उद्याच जावं मर्टनकडं. हे एवढंच उरलंय त्याचं, तेही का काढून घ्या? मग दुसरा दिवस उजाडायचा आणि दूध बुटांच्या कपाटात सापडायचं.

असं करता करता नोव्हेंबर आला आणि आम्ही चार काडतुसं घेऊन कॅम्पवर गेलो.

कॅम्प म्हणजे ओव्हिलानं बांधलेली एक लाकडी खोली, मधे शेगडी. धाकटा दीर विल्फ्रेड गुडघ्यामुळं आता शिकारीला जात नाही, स्वयंपाक करतो आणि सगळ्यांना नावं ठेवतो. शेगडीमागच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत. समोर आलेलं हरीण ज्याच्या हातून चुकलं त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापायचं, त्यावर त्यानं स्वतः नाव आणि साल लिहायचं आणि ते भिंतीवर ठोकायचं, ही आमची रीत. विल्फ्रेडचे इतके तुकडे आहेत की त्याची एक गोधडी होईल. रोझेरचा एकच, तोही लग्नाआधीचा.

सकाळी मी त्याच्याबरोबर वर गेले. काडतुसं माझ्याच खिशात होती. तो त्याच्या नेहमीच्या ओंडक्यावर बसला तेव्हा दिली आणि मी खाली ओढ्यापाशी जाऊन बसले, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ताजा बर्फ पडला होता. इतकं शांत होतं की मला माझंच पोट ऐकू येत होतं.

ऊन वर आलं तसा रोझेर उतार उतरत आला. गाल लाल, डोळे चमकलेले. इतक्या दिवसांत त्याला असं पाहिलं नव्हतं.

"चुकला, फर्न! केवढा नर! चारही बार फुकट गेले!"

मी बहिरी नाही. एकही बार झाला नव्हता.

"लागलं तर नाही ना तुला?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मला कशानं लागेल? मी काय हरीण आहे?"

कॅम्पवर विल्फ्रेड घेवडा ढवळत होता. मेपलचा पाक आणि डुकराचं मटण घालून रात्रभर शिजलेला. रोझेरनं दारातूनच सगळं सांगितलं. विल्फ्रेडनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

"ऐकले की चारही," विल्फ्रेड म्हणाला. "माझी कॉफी सांडली. चल दादा, शेपूट बाहेर काढ. फार वर्षं या दिवसाची वाट बघतोय." आणि तो कात्री शोधायला लागला.

"थांब जरा," रोझेर म्हणाला. "आधी पितळ. फर्न, माझे पाय दमलेत. ओंडक्यापाशी पुंगळ्या पडल्यात, तेवढ्या घेऊन ये. आणि आता ती रायफल मर्टनकडं टाक बाई. संपलं सगळं, आता सबब नाही."

मी पुन्हा चढ चढले. ओंडक्यासमोर हाकेवर नराच्या खुरांचे ठसे होते. तो बराच वेळ तिथं उभा राहिला असावा, कारण बर्फ तुडवलेला होता. मग लांब उड्या, झाडीकडं. आणि ओंडक्याच्या उजव्या अंगाला बर्फात चार भोकं. मी हातमोजा काढून बोटं घातली. चारही काडतुसं निघाली, गोळी जागेवर, भरलेली, थंडगार.

हातांना सगळं आठवलं होतं. रायफल खांद्याला, कडी खाली, कडी वर. फक्त चाप ओढायचा राहिला होता, चारही वेळा.

मी त्याच्याच ओंडक्यावर बसले आणि रडले. लपवायचं कुणापासून? ती चार काडतुसं माझ्या कोटाच्या खिशात गेली असती तर कुणाला कळलं नसतं. पुंगळ्या बर्फात सापडल्या नाहीत म्हटलं असतं. त्यानं चार बार केले, जमले नाहीत, भिंतीवर तुकडा लागला, मर्टननं नळी कोरली, पुढच्या वर्षी पुन्हा. किंवा तीच काडतुसं नाकापुढं धरून मी म्हणू शकले असते, बास झालं. दोन्ही मलाच करायचं होतं. गोळ्यांपासून दुधापर्यंत सगळं एकटीनं ठरवून ठरवून मी दमले होते. रायफल त्याची होती, बाप त्याचा होता, विसरणंसुद्धा त्याचंच होतं. माझ्या एकटीच्या खिशात ते का राहावं?

खाली आले तेव्हा रोझेरनं न बघताच हात पुढं केला. मी काडतुसं त्याच्या तळव्यावर ठेवली.

तळवा किंचित खाली गेला. रिकामं पितळ आणि भरलेलं काडतूस यांच्या वजनातला फरक त्या हाताला कुणी सांगायला नको होता. त्यानं अंगठ्यानं गोळीचं टोक चाचपलं, एकेकाचं. मग चारही टेबलावर उभी केली. विल्फ्रेडच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"तू ऐकलेस म्हणे चारही?" रोझेरनं त्याला विचारलं.

विल्फ्रेडनं कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बार नाही तर चूक नाही, दादा. शर्ट राहू दे."

"हरीण समोर आलं होतं. मी नुसतं बघून आलो. याला चुकणं नाही तर काय म्हणतात?" रोझेर उठला, लोकरी कोट काढला, पाठ फिरवली आणि पँटीतून शर्ट बाहेर ओढला. "तू नको, वाकडं कापशील. फर्न कापेल."

"किती कापू?" मी विचारलं.

"लांबून दिसेल इतकं."

मी कापलं. फ्लॅनेल जुनं होतं, कात्री सहज गेली. तो माझ्याकडं पाठ करूनच बोलला, "मर्टनला सांग, त्या नळीला हात लावू नकोस. बाबांची रायफल आहे ती."

"बरं," मी म्हणाले. इतके महिने राहिलेलं उत्तर एवढंसंच होतं.

विल्फ्रेडनं पेन दिलं. रोझेरनं तुकडा टेबलावर पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या आणि नाव लिहिलं. अक्षर अजून सुरेख आहे त्याचं. नावाखाली पेन टेकवून तो थांबला. मग विल्फ्रेडला ऐकू जाऊ नये अशा बेतानं माझ्याकडं वाकला.

"साल कुठलं चाललंय, फर्न?"

मी सांगितलं. त्यानं लिहिलं.