उखर्डू आबांना मी वाचवलं नाही

मी डिफिब्रिलेटर बोलतोय. हा शब्द जिभेवर बसत नसेल, तर सगळे म्हणतात तसं 'शॉकचं मशीन' म्हणा. जळगावच्या एका रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या हृदयविभागात एका ट्रॉलीवर माझा मुक्काम असतो. माणसाचं हृदय धडधडायचं सोडून नुसतं थरथरायला लागलं, की मी झटका देतो आणि ते पुन्हा ताळ्यावर येतं. एवढंच माझं काम. एका माणसाच्या वेळी नेमकं तेच माझ्याकडून झालं नाही. आज ते सांगतोय.

मी आलो तेव्हा विभाग नवाकोरा होता. पूर्वी एरंडोल-पाचोऱ्याकडच्या माणसाच्या छातीत कळ आली, की त्याला थेट नाशिकला न्यावं लागे. आता इथेच अँजिओप्लास्टी होऊ लागली होती. विभागाचे प्रमुख डॉक्टर हितेंद्र. बोलायला मोकळे, कामाला वाघ. कामिनी सिस्टर मूळच्या धुळ्याच्या. त्या रोज सकाळी आठला मला तपासायच्या. बटण दाबायचं, छोटा झटका माझ्यातच सोडायचा, छापून बाहेर आलेली कागदाची पट्टी बघायची आणि वहीत 'ठीक' लिहून सही करायची. दीड-दोन मिनिटांचं काम.

मग विभागाची हजारावी अँजिओप्लास्टी झाली. सत्काराचा कार्यक्रम ठरला. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तंत्रज्ञ दीपकला सांगितलं, "नवं मशीन खाली हॉलमध्ये लाव. लोकांना दिसू दे आपल्याकडे काय काय आहे ते."

मी हरखलो. हो, खोटं कशाला बोलू? पडदा चालू ठेवून मला व्यासपीठाजवळ उभं केलं होतं; तिथे प्लग नव्हता, म्हणून वायर गुंडाळून मागे ठेवली होती. पाहुणे माझ्यावर हात ठेवून फोटो काढत होते. दुपारी दोनपर्यंत माझा पडदा उगाच लुकलुकत होता आणि बॅटरी उतरत होती. दीपकने मला वर आणून जागेवर लावलं, पण चार्जिंगची वायर हॉलमध्येच राहिली.

आणि वरच्या वहीत त्या तारखेपुढे सकाळीच 'ठीक' लिहिलेलं होतं. मी जागेवर नसताना. विभागात तेव्हा एकच घाई होती, अर्ध्या लोकांना हॉलमध्ये जायचं होतं. कामिनी सिस्टरनी रोजच्या सवयीने सही करून टाकली होती.

चार वाजता चार नंबरच्या खाटेवरचे उखर्डू आबा बोलता बोलता थांबले. एरंडोलजवळच्या खेड्यातले, केळी-कापूस करणारे. शेजारी बसलेल्या पत्नी बेबाबाईंना ते ठिबकची नळी कुठे फुटली ते सांगत होते. वाक्य अर्धंच राहिलं आणि मान कलंडली.

कामिनी सिस्टर धावत आल्या. "मेघा, मशीन."

मेघा सिस्टर नवीन होत्या. त्यांनी मला ओढत आणलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "ताई, हे चालूच होत नाहीये."

"वायर लाव."

"वायर नाहीये ताई."

कामिनी सिस्टरनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग स्टूलवर चढून त्यांनी दोन्ही तळहात आबांच्या छातीवर रोवले आणि दाबायला सुरुवात केली. "दीपक, तळमजल्यावरचं जुनं मशीन आण. पळ."

लिफ्ट अडकलेली होती. दीपक जिन्याने गेला. नऊ मिनिटं लागली. मेघा सिस्टर तोंडावर धरलेल्या रबरी फुग्याने हवा देत होत्या आणि कामिनी सिस्टर मोजत दाबत होत्या. घाम नाकावरून आबांच्या छातीवर टपकत होता. कोपऱ्यात बेबाबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी हाताच्या अंतरावर होतो. काळा पडदा घेऊन बघत होतो.

जुनं मशीन आलं. एका झटक्यात आबांचं हृदय ताळ्यावर आलं. तिसऱ्या दिवशी ते चहा मागू लागले.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली, 'अत्याधुनिक यंत्रामुळे शेतकऱ्याला जीवदान'. फोटो माझा, हॉलमधला. सगळ्यांनी ती वाचली, पण कोणीच दुरुस्त केली नाही. कामिनी सिस्टर तर वहीकडे बघायचंही टाळू लागल्या.

महिन्याने आबा तपासणीला आले. त्याच दिवशी डॉक्टर हितेंद्र कामिनी सिस्टरांसाठी शाल घेऊन विभागात आले होते, वर्षातली उत्तम परिचारिका म्हणून. आबांनी पिशवीतून नारळ काढला, माझ्यापुढे ठेवला आणि हात जोडून आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाई मशीन नही, आम्हना देव शे. येनीच माले वाचाडं."

"नाही आबा," कामिनी सिस्टर म्हणाल्या. "हे बंद पडलं होतं. त्या सकाळी मी तपासलंच नव्हतं. न बघता सही केली होती. मला ही शाल नको, सर."

मग डॉक्टरांनी शाल टेबलावर ठेवली. "मशीन खाली न्यायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "बातमी चुकीची आहे हेही मला ठाऊक होतं."

बेबाबाई पुढे झाल्या. त्यांनी कामिनी सिस्टरांचे हात आपल्या हातात घेतले, तळवे उलटून पाहिले. "इतला येळ दाबी दाबी तुम्हना हात दुखनात व्हतीन ना माय?"

तेव्हा सिस्टर रडल्या. आबांनी माझ्यापुढचा नारळ उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

सिस्टरांना लेखी समज मिळाली. डॉक्टरांनी स्वतःची चूकही वरच्यांना लिहून कळवली. दिखाव्यासाठी मला विभागाबाहेर नेणं कायमचं बंद झालं. कामिनी सिस्टर आता धुळ्याच्या नव्या हृदयविभागात आहेत. तिथल्या नर्सना आधी हातांनी छाती दाबायला शिकवतात, मशीन नंतर.

मी कामात आहे. त्यानंतर अकरा जणांना झटका दिला, आठ घरी गेले. दुरुस्तीसाठी मागे एकदा मला खाली नेलं, तेव्हा दिसलं की काचेच्या फलकात ती बातमी अजून तशीच आहे. एक म्हातारी काचेवरूनच माझ्या फोटोला हात लावून तो कपाळाला लावत होती. मला हात नाहीत. तुम्ही कधी तिथून गेलात, तर तेवढा कागद काढून टाका.