भिंतीवरचा उलटा रस्ता

खिडकीवर पत्रा ठोकला गेला तेव्हा रफूवाली सुया आणायला गेली होती. परत येऊन दार उघडलं, तर तिला आपली खोलीच सापडेना. सगळं जागच्या जागी असणार हे कळत होतं, पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. हात पुढे करून चाचपडत ती आत शिरली आणि इतकी वर्षं जिथे बसत आली त्याच टेबलाला धडकली.

खोली तळमजल्यावरची. दार बोळात उघडायचं, आणि बोळात उजेड असा नव्हताच. जो काही उजेड यायचा तो रस्त्याकडच्या एकुलत्या एका खिडकीतून. त्या उजेडावर तिचं पोट होतं. पांढऱ्यावर पांढरा धागा कुणीही दिव्याखाली ओढेल. काळ्यावर काळा ओढायला दिवस लागतो. दिव्याखाली सगळे काळे रंग सारखेच दिसतात. दिवसा मात्र एक काळा निळ्याकडे झुकतो, एक तपकिरीकडे, आणि चुकीचा धागा गेला की रफू डाग होऊन बसते. गावातले काळे कोट, काळे झगे, सुतकातल्या बायकांचे काळे पोशाख, सगळे तिच्याकडे यायचे.

पत्रा ठोकून घेतला होता पुतण्याने. जुने मालक गेले आणि घर त्यांच्या पुतण्याकडे आलं. शेजारीच त्याचं फरशांचं दुकान होतं, आणि फरशा ठेवायला त्याला ही खोली हवी होती.

"मावशी, तुम्हाला जा असं कोण म्हणतंय?" दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहून गोड आवाजात म्हणाला. "खिडकीची चौकट कुजलीय. दुरुस्ती होईपर्यंत पत्रा राहील."

"दुरुस्ती कधी होईल?"

"बघू. तोवर तुम्हीच एखादी उजेडाची खोली का बघत नाही? तुमच्याच डोळ्यांसाठी म्हणतो हो."

तो गेल्यावर नणंद कांद्यावर राग काढावा तशी कांदा चिरू लागली. ती पावाच्या भट्टीवर पहाटेपासून काम करायची आणि दुपारी घरी यायची. अंगाला पिठाचा वास आणि जिभेला भट्टीची धग. "डोळ्यांसाठी म्हणे! मागे दाराचा पडदा ब्लेडने उभा फाडून गेला याचा माणूस, तो काय कानांसाठी? वहिनी, तू गप्प बसतेस म्हणून हे."

"बोलून काय करू? कोर्टात जाऊ?"

नणंदेने सुरी खाली ठेवली. पडदा फाडला तेव्हाच ती एका वकिलाच्या कारकुनाला विचारून आली होती. कारकुनाने नुसतं तोंड उघडायची जी फी सांगितली, ती ऐकून ती तिथलं पाणीसुद्धा न पिता परतली होती. न जाणो, त्याचंही बिल लावायचे.

कामं परत जाऊ लागली. रफूवाली गिऱ्हाइकाला खोटं सांगत नसे. काळा कपडा आला की म्हणायची, "सध्या होणार नाही." आणि दुपारी, नणंद भट्टीचा शीण काढत झोपलेली असताना, ती अंधारात हात मांडीवर ठेवून बसून राहायची. त्या हातांना रिकामं राहायची सवय नव्हती. ते आपोआप हवेतले धागे मोजत बसायचे.

अशाच एका दुपारी समोरच्या भिंतीवर काहीतरी चाललं.

भिंतीवर एक पांढरी चादर टांगलेली होती, कुणाची तरी, रफू होऊन न्यायची राहिलेली. त्या चादरीवर, वरच्या काठाजवळून, एक फिकट माणूस डोकं खाली आणि पाय वर करून चालत गेला. मागून सायकल आली, तीही छताला चाकं टेकवून. खाली, जिथे जमीन असायला हवी, तिथे फिकट निळं आभाळ पसरलं होतं आणि एक पक्षी त्यात पोहत होता.

रफूवाली हलली नाही. हलले तर सांडेल असं तिला वाटलं.

पत्रा ठोकताना कामगाराचा एक खिळा चुकला होता. तो उपटून त्याने शेजारी दुसरा मारला आणि चुकलेलं भोक तसंच सोडलं. उजेड सरळ रेषेत चालतो. वरून आलेला त्या भोकातून खाली उतरतो, खालून आलेला वर चढतो, आणि बाहेरचा रस्ता आत येऊन उलटा उभा राहतो. यात चमत्कार काही नाही. पण रफूवालीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने पाहणं थांबवलं नसतं.

मग रोजच दुपारी ती रस्ता पाहू लागली. आवाज पत्र्यापलीकडून यायचे, सुलटे. माणसं चादरीवर यायची, उलटी. इतकी वर्षं ती खिडकीत बसली होती, पण नजर कायम कापडावर. समोर वाचनालय आहे हे तिला माहीत होतं, जसं आपल्याला पाठ आहे हे माहीत असतं. आता तिने ते पहिल्यांदा पाहिलं: छताला लोंबणारी दगडी इमारत, आणि तिच्या बाजूला एक लहान दार.

त्या दाराशी काही दुपारी माणसं बसलेली असत. हातात पिशव्या, छातीशी धरलेल्या. आत जाताना त्यांचे खांदे आवळलेले, जणू कापड आतून कुणी ओढून धरलंय. बाहेर येताना तेच कापड सैल. कपडा ओढलेला आहे की सैल, हे तिला लांबूनही कळायचं, मग माणूस उलटा का असेना.

"वाचनालय आहे ते, वहिनी," नणंद म्हणाली. तिला उठवून चादरीसमोर बसवलं होतं. आधी तिने 'अगं बाई!' म्हणून पाय वर घेतले, कारण एक कुत्रं अगदी तिच्या डोक्यावरून चाललं होतं. "लोक पुस्तकं न्यायला येतात, आणखी काय?"

"पुस्तक घेऊन कुणीच बाहेर येत नाही. बघ ना, ती बाई. आत गेली तेव्हा पदर मुठीत होता."

नणंदेने मान वाकडी करून, मग आणखी वाकडी करून पाहिलं. "हसतेय की रडतेय? उलट्या तोंडाचं काही कळत नाही बाई."

"चल, सुलटं बघून येऊ."

बाजूच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी होती: कायद्याचा सल्ला, मोफत. शाई उन्हाने उडालेली. म्हणजे पाटी चांगली जुनी. नणंदेने कपाळाला हात लावला. "तुझ्या नाकासमोर, वहिनी! आणि मी गावभर वकील हुंगत फिरतेय."

आत, नकाशांच्या कपाटामागे एक टेबल होतं. वाचनालय असल्यामुळे सगळ्यांनी हळू बोलायचं असा दंडक होता, आणि तो भांडणांनाही लागू होता. कुणी नवऱ्याने घराबाहेर काढल्याचं कुजबुजत सांगत होतं, कुणी बुडवलेल्या पगाराचं. वर पंखा संथ फिरत होता. मोठमोठी दुःखं तिथे पानं उलटल्यासारख्या आवाजात बोलली जात होती.

टेबलामागे वकीलबाई होत्या, आणि कायदा शिकणाऱ्या दोन मुली लिहून घेत होत्या. वकीलबाईंचा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर होता. रफूवालीने आधी कोट पाहिला, मग बाई. कोपरं झिजलेली, खिसा कागदांच्या ओझ्याने उसवलेला. काम करणारा कोट होता.

"फी किती?" बसायच्या आधीच नणंद म्हणाली.

"सल्ल्याला काही नाही. अर्ज करावा लागला तर किरकोळ खर्च येतो, आणि मिळकत बघून तोही माफ होतो कधीकधी. माफ नाही झाला तर आधी सांगेन. तुम्ही हो म्हणालात तरच पुढे."

"आणि मागाहून?"

"मागाहून काय?"

"मागाहून काढालच ना काहीतरी. सगळेच काढतात."

वकीलबाई आवाज न करता हसल्या. ग्रंथपालाने तरीही मान वर केली.

रफूवालीने सगळं सांगितलं, हळू आवाजात, उभा धागा आधी आणि आडवा नंतर, तसं. जुन्या मालकांशी झालेला करार होता, दर महिन्याच्या भाड्याच्या पावत्या होत्या. वकीलबाईंची मान हलत राहिली. पडद्याची गोष्ट आली तेव्हा त्या पुढे झुकल्या.

"ब्लेडने फाडला? छान. म्हणजे छान नाही, पण कामाचं आहे. तो पडदा आहे ना जपून ठेवलेला?"

"आहे की."

"घेऊन या."

नणंद धावत जाऊन घेऊन आली. वकीलबाईंनी पडदा टेबलावर पसरला. मुलींनी एक टोक धरलं. सगळ्यांनी पाहिलं, उलटून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"फाडलाय कुठे?"

"मधोमध. वरपासून खालपर्यंत."

"पण इथे तर..."

"रफू केला ना मी," रफूवाली म्हणाली. "त्याच दुपारी."

वकीलबाईंनी पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग एका मुलीने वही तोंडावर धरली आणि तिचे खांदे हलू लागले.

"त्याच दुपारी!" नणंद दंडक विसरली. "शेजारीपाजारी बोलवायचे, बोंब ठोकायची, ते सोडून ही बसली सुई घेऊन! धन्य आहेस, वहिनी!"

रफूवालीचे कान तापले. फाटलेलं समोर आलं की हात चालू होतात, त्यात विचार कुठे येतो? "मी उसवते," ती घाईने म्हणाली. "होता तसाच होईल. अगदी तसाच."

"अजिबात नको." वकीलबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही उसवलंत तर तो तुम्ही फाडलेला पडदा होईल, त्याने फाडलेला नाही. राहू दे. मला एक सांगा, पत्र्याला रफू करता येते?"

"पत्र्याला कशी येईल?"

"बरं झालं. मग तो तरी जागेवर असेल."

खिडकी मोकळी करून मिळावी असा कोर्टाला अर्ज तिथेच झाला. रफूवालीला सही करताना वाटलं, आपलं रोजचं जगणं कुणी असं सरळ ओळींत कधी घातलं नव्हतं. निघताना ती खुर्चीवरच्या कोटाकडे बोट करून म्हणाली, "मी कुणाचं फुकट घेत नाही. खिसा मी करून देईन."

"द्या. त्याचे पैसे मी देईन, गिऱ्हाइकासारखे. नाहीतर तीही फीच झाली की." मग त्या थांबल्या. "घाई नाही. उजेड आल्यावर."

पुतण्याने अर्जाला उत्तर दिलं, तेही लेखी. खिडकी कधीही अडवलेली नाही, अर्जदार बाईंची नजर अधू झाल्यामुळे त्यांना खोली अंधारी वाटते. नणंदेने ते उत्तर वाचून पुतण्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. वकीलबाईंनी मात्र शांतपणे प्रत्यक्ष पाहणीची मागणी केली. ती मंजूर झाली, आणि अमुक दिवशी दुपारी पाहणी अधिकारी येतील असं दोन्हीकडे कळवण्यात आलं.

पुतण्याचा हिशेब सरळ होता. अधिकारी यायच्या जरा आधी पत्रा काढायचा, ते गेले की परत ठोकायचा. अधिकारी वेळेवर येतात, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अधिकारी वयस्कर, पोट सुटलेले, दमलेले गृहस्थ होते. वकीलबाईंबरोबर बोळातल्या दाराने ते आत आले आणि त्यांनाही टेबल लागलं. "बाई, दिवा तरी लावा."

"थोडं थांबाल का?" रफूवाली म्हणाली. "डोळे सरावू द्या."

ते खुर्चीवर बसले, नाइलाजाने. नणंद भिंतीला टेकून उभी होती, आणि आश्चर्य म्हणजे गप्प होती. हळूहळू चादर उजळली. आभाळ खाली पसरलं, वाचनालय वरून उतरलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे... शाळेत एकदा खोक्यात पाहिलं होतं," ते पुटपुटले, आणि त्यांचा आवाज दमलेला राहिला नव्हता. "खोक्याच्या आत बसायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

त्याच क्षणी वरच्या काठाने दोन माणसं लगबगीने आली. एकाच्या खांद्यावर शिडी होती. दुसरा इकडेतिकडे पाहत होता, हातवारे करत होता, आणि पत्र्यापलीकडून त्याचा गोड आवाज मात्र सुलटा आत आला: "आटप रे! म्हातारा यायच्या आत निघायला पाहिजे. खिळे टाकू नकोस, संध्याकाळी परत लागतील."

चादरीवर शिडी डोकं खाली करून रोवली गेली, एक माणूस खाली खाली चढत आला, मोठा होत गेला, सगळं चित्र त्याच्या सावलीने भरलं. खिळे कुरकुरले. मग एक काठ उचकटला, आणि पांढऱ्या उजेडाचा लोंढा आत घुसून रस्ता, आभाळ, वाचनालय, सगळं धुऊन घेऊन गेला.

खिडकीत पुतण्या उभा होता, हातात पत्रा. आत खुर्चीवर अधिकारी बसले होते, मांडीवर कागद.

"काढलात, बरं केलंत," ते म्हणाले. "संध्याकाळी मात्र लावू नका. तसं मी लिहितोच आहे."

"साहेब, ते... चौकट कुजलेली..."

अधिकाऱ्यांनी उठून चौकटीवर टकटक केली. लाकूड खणखणीत वाजलं. पुतण्याने पत्रा पाठीमागे लपवला, जणू तो लपण्याएवढा होता, आणि नणंदेचं इतका वेळ धरून ठेवलेलं हसू एकदम फुटलं.

निकालाचा कागद नंतर आला. करार कायम, खोली कायम, खिडकीला हात लावायचा नाही. पण रफूवालीसाठी तो दिवस आधीच येऊन गेला होता. ती खिडकीत बसली होती, मांडीवर वकीलबाईंचा कोट. काळा होता, पण निळ्याकडे झुकणारा; आता ते स्वच्छ दिसत होतं.

चौकटीवर खिळ्यांची भोकं राहिली होती. नणंद लांबी कालवून घेऊन आली. "दे, बुजवून टाकते. किती विद्रूप दिसतंय."

रफूवालीने भोकांकडे पाहिलं. हात नेहमीप्रमाणे आपोआप पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं."

मग तिने सुईत धागा ओवला. समोर वाचनालयाच्या बाजूच्या दाराशी एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती, आत जावं की न जावं अशी. रफूवालीने सुई कोटात टोचून ठेवली आणि खिडकीतून हाक मारली, "अहो बाई, जा आत! फी नाही घेत. फक्त हळू बोला."