गरुडछाप धोटा

मित्रांनो, माझं वय मोजायला बसू नका, तुमची शाळा सुटेल. मी एक जुना धोटा आहे एवढं कळलं तरी पुरे. मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो धोटा. अंग लाकडाचं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, आणि पोटात सुताची कांडी ठेवायला खोबण. मला पाहून सगळ्यांना होडी आठवते. आता धोटा पाहिलेली माणसंच उरली नाहीत, त्याला मी काय करणार?

माझा जन्म अमेरिकेतला, मॅसॅच्युसेट्समधल्या नदीकाठच्या एका गिरणीतला. देश तेव्हा कोवळा होता. इंग्लंडशी दुसरी लढाई नुकतीच संपली होती आणि जो तो उठून ‘आपलं, आपलं’ करत होता. आपले रस्ते, आपली बँक, आपलं कापड. अडचण एवढीच होती की आपलं कापड महाग पडायचं, आणि इंग्लंड-हिंदुस्थानचं स्वस्त मिळायचं. मग सरकारने युक्ती काढली. बाहेरचं कापड कितीही स्वस्त असो, ते महागच आहे असं धरून त्यावर आयात कर लावायचा. हिंदुस्थानातल्या विणकरांचं जाडंभरडं कापड त्या बंदरांत उतरणं जवळजवळ थांबलं. त्यांच्या मागांचं पुढे काय झालं, याची चौकशी आमच्याकडे कुणी केली नाही. आमच्या गिरणीवर झेंडा लागला होता. सुताराने मला सफरचंदाच्या लाकडातून कोरलं आणि तापलेल्या शिक्क्याने माझ्या अंगावर पंख पसरलेला गरुड उमटवला. त्या गरुडाचा मला फार तोरा होता.

मला चालवायची हॅना. शेतावरून कामाला आलेली, हसरी, कामाला वाघ. कांडी संपली की नवी बसवायची आणि धाग्याचं टोक माझ्या बाजूच्या भोकातून बाहेर काढायचं. बोटांनी ते निघत नसे. म्हणून मुली भोकाला ओठ लावून धागा श्वासाने ओढून घ्यायच्या. त्याबरोबर कापसाचे बारीक तंतूही छातीत जायचे. दिवसभर हे चाले. एकीने ओढलं, तोच धोटा दुसरीच्या तोंडाला, मग तिसरीच्या. हॅना खोकू लागली तेव्हा मुकादम म्हणाला, थंडी फार आहे. पुढे ती घरी गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मुलीच्या ओठांना लागलो, मला कुणी फडक्याने पुसलंही नाही.

आणि कापूस कुठला? दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. त्याचं जाड कापड विणून आम्ही पुन्हा दक्षिणेला पाठवायचो, त्याच गुलामांच्या अंगावर घालायला. गिरणीतल्या सभेत मात्र मालक मला हातात उंच धरून सांगायचे, हा पाहा स्वावलंबी देशाचा धोटा. टाळ्या पडायच्या. टाळ्यांच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही, हे मला तिथेच कळलं.

माग बदलले, मी अडगळीत गेलो. जपानची बंदरं उघडली तेव्हा मालकाचा नातू व्यापाराला कोबेला आला आणि घराण्याची आठवण म्हणून मला टेबलावर कागद दाबायला घेऊन आला. तो गेला, त्याचं घर गेलं, मी जुन्या वस्तूंच्या दुकानात पडून राहिलो. तिथे किती काळ गेला ते सांगत नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

मग वैभवी आली. बारा वर्षांची, पुण्याच्या अनुराग आणि अनघाची मुलगी. रांगत होती तेव्हा कोबेत आली, आता आईने मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. शाळेत तिला प्रोजेक्ट मिळालं होतं, ‘अमेरिका स्वतःच्या पायावर कशी उभी राहिली’. दुकानदार आजोबांनी कौतुकाने मला तिच्या हाती दिलं. अनघाला मी होडीच वाटलो. तिने मला दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवलं, आणि माझ्या खोबणीत घराच्या किल्ल्या ठेवायची सवय सगळ्यांना लागली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला काम मिळालं म्हणून मी सुखावलो होतो.

अनुराग गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. तो माल अमेरिकेत जाई. एके दिवशी अमेरिकेने परदेशी गाड्यांवरचा आयात कर वाढवला. मी तेव्हा कपाटावर होतो, पण कथा ओळखीची वाटली. थोड्याच महिन्यांत ऑफिसात ‘अनुराग-सान’ला आदराने बसवलं, आदराने वाकून नमस्कार केला, आणि तितक्याच आदराने सांगितलं की बाहेरून आलेल्यांची कंत्राटं वाढवता येणार नाहीत. त्या संध्याकाळी त्याने किल्ल्या माझ्यात टाकल्या आणि बूट न काढता दारातच बसून राहिला. अनघाने आतलं दार ओढून घेतलं. दोघांचं हळू आवाजात ठरलं, की वैभवीचं प्रोजेक्ट होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. नवी नोकरी मिळाली नाही तर जपान सोडावं लागणार होतं.

प्रोजेक्टच्या दिवशी दोघंही शाळेत मागच्या रांगेत बसले होते. वैभवी छान बोलली. कोवळ्या देशाने बाहेरचा माल अडवला, म्हणून गिरण्या उभ्या राहिल्या, म्हणून देश मोठा झाला, आयात कर ही शहाणपणाची भिंत होती. अनुराग मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तिने मला उचललं, माझ्या भोकाला ओठ लावले आणि धागा ओढून दाखवला. सगळा वर्ग खूश झाला. मला हॅना आठवली, आणि ओरडता येत नाही याची चीड आली.

शिक्षिकेने प्रश्न विचारा म्हटलं, तेव्हा अनुरागने हात वर केला.

“जी मुलगी हे रोज करायची, तिचं पुढे काय झालं?”

वैभवी गोंधळली. “बाबा, ते प्रोजेक्टमध्ये नाहीये,” ती जपानीत म्हणाली. पालक हसले. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि माझा फोटो शाळेच्या भिंतीवर लागला.

घरी परतल्यावर तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, खोलीत गेली आणि जेवायलाच आली नाही. अनुराग पार दूरच्या कावासाकी शहरापर्यंत मुलाखतींना जाऊन आला. प्रत्येक ठिकाणी त्याचं कौतुक झालं, नोकरी मिळाली नाही. शेवटी सामान बांधायला घेतलं. अनघा मला बॅगेत ठेवू लागली तेव्हा अनुराग एवढंच म्हणाला, “तो नको. तो घरात नको मला.” मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

निघायच्या सकाळी माझ्यातल्या किल्ल्या काढून घरमालकाला दिल्या. मग प्रश्न पडला, मला कोणत्या कचऱ्यात टाकायचं? लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात, लोखंड न जळणाऱ्यात. अनघाने नियमांचा तक्ता दोनदा वाचला, त्यात मी कुठेच नव्हतो. शेवटी जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून वैभवी मला खाली घेऊन आली. कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली पिशवी सरकवताना ती क्षणभर थांबली.

“आई, बाबांचं काय झालं, ते पण कुणाच्या प्रोजेक्टमध्ये नसणार ना?”

मराठीत म्हणाली. अनघाने तिचा हात धरला. टॅक्सी उभी होती.

कचरागाडी आली. माणसांनी बाकीच्या पिशव्या नेल्या, माझ्या पिशवीवर ‘हे नेता येत नाही’ असा कागद चिकटवला आणि गेले. कागद नेमका गरुडावर बसला आहे.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी ‘मला जपा’ म्हणायची पद्धत आहे. मला जपू नका. मला पुष्कळ जपलं, टेबलावर, कपाटावर, शाळेच्या भिंतीवर. हॅनाला कुणी जपलं नाही. उद्या कुणी ‘हे आपलं’ म्हणून एखादी वस्तू तुमच्यापुढे उंच धरली, तर हात वर करून अनुरागचा प्रश्न विचारा. लोक हसतील, हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत टाळी मात्र वाजवू नका.